पेव उघडल्यावर: कार्ल युंग यांना अनावृत पत्र

प्रिय युंगसाहेब,



तुम्हाला जाऊन साठाहून अधिक वर्षं झाली, तेव्हा हे पत्र पोचणार नाही हे मला कळतं. पण तेहेतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला एक खोड लागते. मूळ पत्र जावो न जावो, स्थळप्रत फायलीला लागली पाहिजे. ही ती स्थळप्रत. चारचौघांनी वाचली तरी हरकत नाही, म्हणून उघडीच ठेवतो.

शिवाय तुम्ही मनाचे डॉक्टर आणि पत्रांना उत्तरं देणारे गृहस्थ. १९६१च्या जानेवारीत, तुम्ही पंच्याऐंशीचे असताना, अमेरिकेतून एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. बिल विल्सन. स्वतः दारूतून बाहेर पडलेला आणि ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’च्या दोन संस्थापकांपैकी एक. तुम्ही पूर्वी एका दारुड्या पेशंटला तोंडावर सांगितलं होतंत की औषधपाण्यानं आता काही व्हायचं नाही, आतूनच काही उलथापालथ झाली तर वाचशील. त्या बोलण्याचा धागा पुढे आमच्यापर्यंत आला, हे तो इतक्या वर्षांनी कळवत होता. तुम्ही आठवड्याभरात उत्तर टाकलंत. जूनमध्ये गेलात. हे वाचल्यापासून तुम्हाला लिहायचं मनात होतं. कारण कळवायचं राहून जातं, हा अनुभव मलाही आहे.

तुमची-माझी गाठ पडली २०१८मध्ये, पुण्यात, अप्पा बळवंत चौकाच्या बाजूला जुनी पुस्तकं मांडून बसतात तिथं. ‘मेमरीज, ड्रीम्स, रिफ्लेक्शन्स’, पाठपुठ्ठा निखळलेला, किंमत दीडशे. मी ते चुकीच्या कारणासाठी घेतलं. आदल्या वर्षी आमचे वडील, आप्पा, गेले. मी रडलो नाही. तेराव्यापर्यंतचं सगळं व्यवस्थित पार पाडलं, हिशेबाची वही लिहिली, आणि त्यानंतर तीन-चार महिन्यांनी झोप उडाली. झोप लागली की एकच स्वप्न: मी बँकेच्या लॉकररूममध्ये उभा आहे, एक ग्राहक त्याची किल्ली लावतो, मी माझी लावतो, लॉकर उघडतो, आणि आतून हळकुंडं घरंगळत बाहेर येतात. संपत नाहीत. मी ती खाकी पाकिटांत भरत बसतो आणि ग्राहक म्हणतो, पावती द्या.

पंचांगाच्या शेवटच्या पानांत स्वप्नफलं असतात. साप दिसला तर धनलाभ, दात पडला तर आप्ताला धोका. लॉकर आणि हळकुंडं त्यात नव्हती. पुस्तकाच्या नावात ‘ड्रीम्स’ दिसलं, म्हटलं इथं असेल. दीडशे रुपयांत एवढीच अपेक्षा.

स्वप्नफल मिळालं नाही. एक घर मिळालं. १९०९ साली तुम्ही आणि तेव्हा तुम्हाला गुरुस्थानी असलेले फ्रॉइड बोटीनं अमेरिकेला निघालात, रोज एकमेकांना स्वप्नं सांगत होतात, तेव्हाचं ते तुमचं स्वप्न. दुमजली घर, वरचा मजला दोनेकशे वर्षांपूर्वीच्या थाटाचा, खालचा त्याहून जुना, मध्ययुगातला. मग दगडी जिना, त्याखाली रोमन काळातलं तळघर, त्याच्या फरशीत एक कडी, कडी ओढली की आणखी पायऱ्या, आणि अगदी तळाशी एक गुहा: धूळ, हाडं, फुटकी भांडी, दोन कवट्या. फ्रॉइडना त्या कवट्यांनी पछाडलं. कुणाच्या, कुणाच्या, असं ते विचारत राहिले. त्यांना त्यात तुमची कुणाच्या तरी मरणाची इच्छा दिसत होती. तुम्ही वाद नको म्हणून सांगून टाकलंत, बायकोच्या आणि मेव्हणीच्या. धडधडीत खोटं! आणि तसं खोटं बोललो हे पुढे स्वतःच नोंदवलंत. त्या पानावर मी तुमचा झालो. एवढा मोठा डॉक्टर साहेबासमोर वेळ मारून नेतो आणि पन्नास वर्षांनी कबूल करतो, म्हणजे हा आपल्यातला माणूस.

मराठीत एक सोय आहे, तुमच्या जर्मनमध्ये ती असेल असं वाटत नाही. आमच्याकडे ‘खोली’ म्हणजे राहायची खोली आणि विहिरीची खोलीसुद्धा. तुमच्या शास्त्राला आम्ही खोलीचं मानसशास्त्र म्हणालो तर दोन्ही अर्थ लागू पडतात. आणि जमिनीखालच्या खोल्यांबद्दल सांगलीच्या माणसाला कुणी शिकवायला नको.

आमच्या गावापासून जवळ हरिपूर आहे. तिथं वारणा कृष्णेला मिळते, संगमेश्वराचं देऊळ आहे, आणि देवळाच्या अलीकडे माळावर पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोल कोठी. तोंड माणूस जेमतेम आत जाईल एवढं, आत गेल्यावर पोट सुटलेल्या रांजणासारखी ऐसपैस. शेकडो पोती हळद एकेका पेवात राहायची. कीड लागत नसे, रंग उलट चढत असे. वरून बघणाऱ्याला काही दिसायचं नाही, नुसती माती. आप्पा हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते, त्यांच्याबरोबर मी लहानपणी पेव उघडताना पाहिलं आहे. तोंडावरची माती काढली, फरशी सरकवली की सगळे मागे व्हायचे. कुणी लगेच उतरायचं नाही. आतली हवा मेलेली असते. बराच वेळ तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील तेवत राहिला तर माणूस जाणार. विझला तर चहा सांगायचा आणि वाट बघत बसायचं.

माझ्या स्वप्नातली हळद कुठून येत होती, हे एवढ्यात कळायला हवं होतं. पण मी बँकवाला. मला सहा महिने लागले.

तोवर शब्दांनी मला गुंतवून ठेवलं. ‘कॉम्प्लेक्स’ या शब्दाला आजचा अर्थ मुख्यतः तुम्ही दिलात. त्याला आमच्याकडे ‘गंड’ म्हणतात. न्यूनगंड हा शब्द तर आमच्या आयाबाया पोराच्या निकालाबद्दल बोलताना सहज वापरतात. (ती कल्पना अॅडलरची, तुमची नव्हे. पण उधारी एका खात्यातून दुसऱ्यात जातेच.) गंड म्हणजे मूळचा गळ्याचा गोळा, गलगंड. तुमच्या डोंगराळ स्वित्झर्लंडमध्ये तो रोग घरोघरी होता, १९२२ पासून मिठात आयोडीन घालून तुम्ही लोकांनी तो आटोक्यात आणला, असं वाचलं तेव्हा हसू आलं. मनातल्या गोळ्यासाठी असं मीठ निघालं नाही. १९२१च्या तुमच्या ग्रंथानं जगभर पसरवलेली अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी आता आमच्या लग्नाच्या बायोडेटात असते. ‘मुलगा जरा इंट्रोव्हर्ट आहे,’ म्हणजे मुलगा चहा घेऊन येईल, बोलणार नाही. आणि ज्याला तुम्ही अनकॉन्शस म्हणता, त्याला आमच्याकडे ‘नेणीव’ हा संतांच्या वेळेपासूनचा शब्द तयार होता. नेणणे, म्हणजे न जाणणे. तो शब्द मी हजार वेळा कीर्तनात ऐकला होता आणि त्यात माझं काही असेल अशी शंका आली नव्हती.

आता त्या वर्षीची दिवाळी सांगतो.

मुलगी पुण्याहून आली होती. तिला मी तुमच्या बुर्गहोल्त्सलीच्या इस्पितळातल्या प्रयोगाबद्दल सांगितलं. तरुण वयात तुम्ही सेकंदाचा पाचवा हिस्सा दाखवणारं घड्याळ हातात घेऊन पेशंटसमोर बसायचात, शंभर शब्दांची यादी वाचायचात, प्रत्येकाला मनात येईल तो पहिला शब्द म्हणायचा. उत्तर काय आलं यापेक्षा कुठं उशीर झाला, कुठं जीभ अडखळली, तिथं तुमचा कान. ती म्हणाली, बाबा, करू या. फराळाचं ताट मध्ये, तिच्या मोबाईलचं स्टॉपवॉच, आणि तुमची यादी मराठीत.

‘डोकं.’

‘केस.’

‘हिरवा.’

‘पान.’

‘पाणी.’

‘पूर.’ सांगलीकर दुसरं काय म्हणणार.

‘गाणं.’

मी चकलीचा तुकडा उचलला, परत ठेवला. मुलगी घड्याळाकडे बघत होती. मला खरंच काही सुचत नव्हतं, म्हणजे सुचायची जागाच बधिर झाल्यासारखी. मग तोंडातून निघालं, ‘कुलूप.’

‘सात सेकंद,’ ती म्हणाली, आणि हसली नाही.

शंभरातला हा चौथाच शब्द. पुढचे आम्ही वाचले नाहीत.

आप्पांची एक पेटी होती. दुकानातून आले, पाय धुतले, की जाजमावर बसून वाजवायचे. मी गायचो. गणपतीत आमच्या गल्लीत माझं गाणं असायचं, आणि सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, तिथं दहा वर्षांच्या पोराला लोक थांबून ऐकत, म्हणजे बरं गात असणार. सातवीत माझा नंबर घसरला. आप्पा रागावले नाहीत. त्यांनी पेटी फडक्यात गुंडाळली, माळ्यावर टाकली, शिडी काढून घेतली. गाण्यानं पोट भरत नाही, एवढंच म्हणाले. मी पुन्हा नंबरात आलो, बी. कॉम. झालो, बँकेत लागलो. पेटी माळ्यावर गेल्याला पाच वर्षं झाली तेव्हा धाकट्या भावानं ती उतरवली होती. आप्पा काहीही म्हणाले नाहीत. उलट भाता फाटला होता तो मिरजेला नेऊन स्वतः दुरुस्त करून आणला.

धाकटा गायला लागला. संगीत नाटकांच्या हौशी मंडळांत साथ, भजनी मंडळ, चार शिकवण्या. पैसा कधी टिकला नाही. आणि मी त्याला वीस वर्षं ‘वाया गेलेला’ म्हणत आलो. २००९मध्ये त्यानं माझ्याकडून चाळीस हजार नेले, ते परत आले नाहीत, तेव्हापासून तर मला कारणही मिळालं. आम्ही लग्नाकार्यात भेटायचो. मी त्याची तब्येत विचारायचो, तो माझी बदली विचारायचा.

तुम्ही ज्याला सावली म्हणालात ते मला सिद्धांत म्हणून पहिल्या वाचनातच कळलं होतं. जे स्वतःत ठेवायची परवानगी नाही ते माणूस समोरच्याच्या खात्यावर टाकतो आणि मग त्या खात्यावर चिडत बसतो. ही नोंद मी बँकेत रोज पाहिली आहे, तिला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. पण ‘वाया गेलेला’ हा शब्द मी कुणासाठी वापरत होतो, हे त्या सात सेकंदांपर्यंत माझ्या ध्यानात आलं नाही. आईबापांचं न जगलेलं आयुष्य मुलांच्या मानेवर बसतं, असंही तुम्ही सांगत आलात. तुमचे वडील पाद्री, श्रद्धा आटलेली आणि तरी दर रविवारी प्रवचन देणारे. तुम्ही त्यांच्याबद्दल लिहिलं आहे त्यात राग कमी आणि कणव जास्त आहे. ते वाचताना मला प्रथमच विचार आला की सातवीतल्या त्या दिवशी पेटी नुसती माझी बंद झाली नव्हती. आप्पांनीही त्यानंतर पाच वर्षं वाजवली नाही. माझ्या ते कधी मोजण्यातच आलं नव्हतं.

इथं मी एका गोष्टीची कबुली देतो. पुढचे काही महिने मी घरादाराला वैताग आणला. नव्यानं पोहायला शिकलेला माणूस जसा रस्त्यावरच्या डबक्याची खोली बघतो, तसं. मॅनेजरचा मुखवटा, शेजाऱ्याची सावली, मेव्हण्याचा मातृगंड, काही सोडलं नाही. बायकोला स्वप्न विचारलं की ती ‘मला झोप लागते’ म्हणायची. एकदा मी आमटीत मीठ कमी पडण्यामागे तिची काही नेणिवेतली नाराजी असावी, असं सुचवलं. ती म्हणाली, ‘अहो, मीठ कमी पडलं की मीठच कमी पडलेलं असतं. बरणी तिकडे आहे.’

आणि झोपेचं म्हणाल तर ती तुमच्या पुस्तकानं परत आली नाही. मिरजेच्या एका मनोविकारतज्ज्ञांनी चार महिने गोळ्या दिल्या, त्यानं आली. हे मुद्दाम लिहितो, कारण तुमचं पुस्तक हातात घेऊन औषध बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. फ्रॉइडशी १९१३मध्ये फाटल्यावर तुम्ही स्वतः आत उतरलात, तेव्हा वर दोरी धरून कोण होतं ते तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलं आहे: बायको, पाच मुलं, रोजचे पेशंट, एक पत्ता. ते नसतं तर आपलं काही खरं नव्हतं, असा तुमचाच सूर आहे. वाचणारे नेमकं ते पान उलटतात. कंदील न सोडता उतरतात.

त्या काळातली तुमची एक गोष्ट मला सर्वांत आवडते. अडतीस वर्षांचे तुम्ही, नाव झालेलं, आणि काय करावं ते सुचेना. मग आठवलं, दहा-अकराव्या वर्षी आपण दगडांची घरं बांधायचो. तुम्ही रोज जेवण झालं की तळ्याकाठी जाऊन गोटे वेचून घरं बांधू लागलात, एक वाडा, एक चर्च, सबंध गाव. पेशंट आला की हात धुऊन उठायचं. लाज वाटत होती, तरी केलंत. त्यातूनच पुढे ती लाल चामड्याची वही आली, चित्रं आणि सुंदर अक्षर, सोळाएक वर्षं चाललेली. तुमच्या मागं वारसांनी ती १९८४मध्ये बँकेच्या तिजोरीत ठेवली आणि छापून आली २००९ला. लॉकररूममध्ये बारा वर्षं काढलेल्या मला हा भाग वाचताना गप्प बसवेना. आपण लोकांचे दागिने सांभाळतो असं समजत होतो. कुणाचं काय आत असतं, कोण जाणे.

पण सगळंच गोड लिहायचं तर अनावृत पत्र कशाला. दोन तक्रारी आहेत.

पहिली घरची. डिसेंबर १९३७मध्ये तुम्ही मुंबईला उतरलात, सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवाचं सरकारी आमंत्रण होतं. तीन विद्यापीठांनी पदव्या दिल्या, कलकत्त्यात आमांशानं दहा दिवस इस्पितळात टाकलं. परत गेल्यावर लिहिलंत की हिंदुस्थान स्वप्नासारखा, आणि हिंदी माणूस आमच्यासारखा विचार करत नाही, विचार त्याला दिसतो. साहेब, मुंबईहून एक रात्रीची गाडी पकडून सांगलीच्या हळदीच्या सौद्याला यायचं होतंत. विचार कसा करतात, दर मणाला किती पैशांपर्यंत करतात, ते तिथल्या कुठल्याही दिवाणजीनं दाखवलं असतं. रमण महर्षींना तुम्ही जवळ असून भेटला नाहीत, त्याबद्दल आमच्याकडे काहींचा राग आहे. माझा नाही. दुसऱ्याच्या हाती लागलेलं आपण उचलायचं नाही, आपलं आपण काढायचं, हे तुमचं म्हणणं मला पटतं. कलकत्त्याच्या आजारपणानंतर पडलेलं तुमचं स्वप्नही तेच सांगत होतं. हिंदुस्थानात झोपलेले असताना तुम्हाला युरोपातलं बेट दिसलं, पलीकडे पवित्र पात्र, आणि पोहून एकट्यानं आणायचं. तुम्ही तुमच्या पात्राकडे गेलात. मी हरिपूरला.

दुसरी तक्रार मोठी आहे. १९३३ला जर्मनीत नाझींचं राज्य आल्यावर तुम्ही तिथल्या मानसोपचार संघटनेचं अध्यक्षपद घेतलंत, आणि १९३४ला ज्यू मन आणि आर्य मन असा भेद छापून आणलात. ज्यू सहकाऱ्यांना तुम्ही मदत केलीत, हेही कागदावर आहे. पण माणसं रस्त्यावर मार खात असताना असला लेख लिहायचा नसतो. सावलीचा शोध लावणाऱ्याला स्वतःची एवढी लांब पडलेली दिसली नाही, हे मी विसरू शकत नाही. तसंच घरातलं. तुमची मैत्रीण टोनी वोल्फ वर्षानुवर्षं रविवारच्या जेवणाला येत असताना तुमच्या पत्नी एम्माबाई ताटं कशी वाढत असतील, त्यांच्या स्वप्नांची वही कुठं आहे, हे मी विचारणार. तुमचं वाचूनच मला हे विचारायची सवय लागली, त्याला इलाज नाही.

आता २०१९चा ऑगस्ट. कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं. आमच्या विश्रामबागच्या घरापर्यंत आलं नाही, पण वीज गेली होती, फोन जेमतेम लागत होते. धाकट्याचं घर गावभागात. संध्याकाळी तो दारात उभा, छातीपर्यंत भिजलेला, मागे त्याची बायको आणि दोन पोरं, आणि त्याच्या डोक्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली पेटी.

मी विचारलं, ‘घराचे कागद?’

‘राहिले, दादा.’

युंगसाहेब, दीड वर्ष तुम्हाला वाचून झालं होतं. तरी माझ्या मनात पहिलं वाक्य आलं ते तेच जुनं: कागद सोडून पेटी आणतो, वाया गेलेला. फरक एवढाच की ते वाक्य मला ऐकू आलं. कुणी शेजारून बोलावं तसं. आणि आवाज माझा नव्हता, आप्पांचा होता, शिडी काढून घेतानाचा. मी बाजूला झालो आणि पेटी दोन्ही हातांनी उतरवून घेतली. जड होती. चाळीस हजार अजून आलेले नाहीत, आणि अधूनमधून आठवतात.

आठ दिवस ते सगळे आमच्याकडे होते. तिसऱ्या रात्री जेवणं झाली, पोरं झोपली, मध्ये मेणबत्ती. धाकट्यानं फडकं सोडलं, पट्ट्या एकेक दाबून पाहिल्या. दोन सूर ओलीनं धरले होते, बाकी ठीक. त्यानं भाता उघडला. आतून जुन्या लाकडाचा आणि, मी शपथेवर सांगतो, हळदीचा वास आला. भावजय म्हणाली, कसर लागू नये म्हणून आप्पांनी हळकुंडं टाकून ठेवली होती, आम्ही काढली नाहीत.

मी काही बोललो नाही. धाकटा खाली बघत म्हणाला, ‘काळी एक देऊ का, दादा?’

‘नको,’ मी म्हटलं, ‘आधी नुसता सा धर.’

आपला,
एक वाचक
सांगली